आग्नेसचा कान

खुर्ची जमिनीला खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि त्या खुर्चीवर बसायचं काम आग्नेसचं होतं.

"हलू नकोस."

"श्वास घेऊ?"

"घे. सोडू नकोस."

"मंग मरूच दे मला. मेल्यावर तरी फोटो काढशील ना? तवा हलनार पन नाय मी."

"आग्नेस, ओठ हलतायत."

वसई गावात, बाजाराच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याचा, सॅन्टनचा, फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा. त्यावर कारंजं, दोन हंस आणि मागे कुणाचा तरी बंगला. गिऱ्हाइकं तिथे बसत. खिळलेली खुर्ची मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीसमोर. ती गिऱ्हाइकांसाठी नव्हती. तिच्यामागे भिंतभर मासेमारीचं जाळं ताणून लावलेलं होतं. ते आग्नेसच्या बापाचं, पास्कलचं. पाचूबंदरावर होडी विकली तेव्हा उरलेलं. फोटोच्या मध्यावर भिंग कसं दिसतं हे कुणालाही कळतं, कोपऱ्यात काय दिवे लावतं ते बघायचं असतं, असं सॅन्टन म्हणे. कोपऱ्यातल्या गाठी मोजता आल्या तर भिंग खरं. म्हणून मध्ये आग्नेस आणि चहूकडे बापाचं जाळं. ती म्हणायची, "पापलेट करून ठेवलंस माझं."

सॅन्टन मूळचा पापडीकडचा. घरची केळीची वाडी भावांवर सोडून तो तरुणपणी मुंबईला गेला आणि फोर्टातल्या एका फोटोवाल्याच्या काळ्या खोलीत राबला. लढाई संपली तेव्हा मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यानं एक छोटा जर्मन कॅमेरा घेतला. मुठीत मावेल एवढा, पण त्याला भिंग असं की मेणबत्तीच्या उजेडात माणसाच्या डोळ्यातलं पाणी पकडील. आणि वसईत तेच तर हवं होतं. एका लग्नात कुणाचा तरी झगझगाटाचा बल्ब फुटून काचा वेदीवर उडाल्या होत्या. तेव्हापासून फादरनी देवळात बल्बला बंदी केली. बाकीचे फोटोवाले देवळाच्या पायरीवर नवरानवरीची वाट बघत उभे राहत. सॅन्टन आत जाई. अंगठी बोटात सरकतानाचा फोटो फक्त त्याच्याकडे मिळे. 'अंधारातला सॅन्टन' म्हणून त्याचं नाव निर्मळपासून आगाशीपर्यंत झालं.

नवऱ्या झाल्या, कोंफिर्मासांवच्या विधीला नटलेली पोरं झाली, शवपेटीत निजवलेले म्हातारे झाले. सगळ्यांचे फोटो निघाले. आग्नेसचा नाही. लग्नात तिचा फोटो निघाला नव्हता, कारण तेव्हा कॅमेरा नव्हता. नंतर कॅमेरा आला तेव्हा ती खुर्चीवर बसली ती जाळ्याच्या गाठींपैकी एक गाठ होऊन. सॅन्टनच्या पेटीत तिच्या निगेटिव्ह शेकड्यांनी होत्या. कुठे पापणी, कुठे लुगड्याचा काठ, कुठे केसांची बट. छापायचा तो तेवढाच तुकडा, ताटाएवढा मोठा करून.

"गावातल्या बायांचं तोंड दिसतं तुला, माझं का नाय?" ती विचारी.

"तुझं रोज दिसतं की."

ती भाकऱ्या थापायला निघून जाई.

पण हे तिला खुपत होतं, आणि खुपायला कारण होतं. तिची आई रोझलीन मासे विकायची. डोक्यावर पाटी, कमरेला खोचलेलं लुगडं. ती लढाईच्या दिवसांत तापानं गेली. फोटो कुठला आणि काय कुठलं. पुढे एकदा वर्षदिनाच्या मिस्साला गुडघे टेकून आग्नेसनं डोळे मिटले आणि आईला आठवू लागली, तर आवाज आला, "घे गो रावस, सकालचा हाय," हातांचा वास आला, पाटीतून मानेवर ओघळलेलं पाणी आलं. तोंड काही येईना. नाक कसं होतं? ओठ कसे होते? मिस्सा संपली, मेणबत्त्या विझवल्या, आग्नेस तशीच. त्या दिवसापासून तिला एक धास्तीच बसली. आपणही अशाच पुसून जाणार. नवरा फोटोवाला असून.

मुलगा एकच, ज्युलियस. तो बोटीवर लागला, इंजिनखोलीत. चोपन्न साली रजेवर आला तो जपानहून बापासाठी एक भिंग घेऊन.

"बाबा, आटे बघितलेत मी. तुझ्या कॅमेऱ्याला बसतंय."

सॅन्टननं ते तळहातावर घेतलं, उजेडात धरलं. आतून जांभळट झाक आली. "जपानी?" तो म्हणाला. माशाला वास येतोय का बघावं तसं त्यानं नाक जवळ नेलं. "जर्मनांची नक्कल करतात लेकाचे."

"नक्कल असू दे. तुझं दीडाचं ना? हे एक-चारचं. जास्त उजेड घेतं."

"उजेड कुणीही घेईल. घेऊन काय करतं ते बघू."

ज्युलियस हसला. आईकडे वळला. "आणि बाबा, याच्या बदल्यात एक काम कर. आयचा एक फोटो काढून पाठव. आमच्या खोलीत प्रत्येकाच्या बिछान्यावर आया लावल्यात. गोंयकाराची आय, मंगळूरवाल्याची आय. माझ्या भिंतीवर गंज."

"पाठवतो," सॅन्टन म्हणाला. त्याचं लक्ष भिंगाच्या आट्यांत होतं.

ज्युलियस गेला आणि घरात महायुद्ध सुरू झालं, जर्मनी विरुद्ध जपान. जपानची बाजू लढवायला रोज संध्याकाळी डॉमनिक येई. त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान दोन दारं सोडून. घड्याळजी असल्यामुळे डोळ्याला लावायची त्याची एक काच कायम कपाळावर चढवलेली. दोघं निगेटिव्हवर डोकं घालून बसत आणि आग्नेस चहा ठेवताना ऐके.

"हे बघ सॅन्टन, भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवून काढलेला. जपानी. पापण्या मोजून घे."

"पापण्या मोजू, पण मागे बघ. जाळ्याच्या एकेका दोरीच्या दोन-दोन झाल्यात. डोळ्यात धूर गेल्यासारखं."

"मागे कोण बघतंय?"

"मी बघतोय! आता माझं जर्मन बघ. मागचं जाळं कसं विरघळलंय, सायीसारखं."

"पुढची बाईपण विरघळलीय ना पण! वहिनी दुधात पडल्यासारख्या दिसतायत."

"ते तोंड उघडं ठेवल्यावर. जरा मिटलं की बघ..."

"मिटलं की तुझं जर्मन घसरतं. मी पापणीवर जमवलं म्हणतोस आणि फोटोत पापणी फिकी, कान धारदार! इथनं तिथवर सरकतं ते. तुझ्या भिंगाला माणसाच्या डोळ्यात बघवत नाही रे."

त्या वेळी आग्नेस कपबश्या उचलत होती. तिला हसू आलं आणि लगेच गेलं.

ते खरंच होतं. कॅमेऱ्यातून बघायची एक बारीक खिडकी होती. सॅन्टननं एकदा तिला डोळा लावू दिला होता, खुर्चीवर डॉमनिकला बसवून. तिला डॉमनिक दोन दिसले. एक खरा, एक फिकट, बोटभर बाजूला सरकलेला. भिंग फिरवत फिकट डॉमनिक खऱ्या डॉमनिकवर नेऊन बसवायचा. दोघं बरोबर एकावर एक आले की अंतर जमलं. "म्हंजे रोज तुला दोन बायका दिसतात!" ती म्हणाली होती. "त्यातली एकतरी नीट ठेव." पण त्या जर्मन भिंगाची खोड अशी की खिडकीत दोन्ही आग्नेस एक झाल्या तरी भिंगाचं तोंड थोडं मिटलं की धार डोळ्यावरून निसटून मागे कानावर जाई. सॅन्टनला ती खोड भिंगाची वाटत नव्हती, आपल्या हाताची वाटत होती. म्हणून तो पुन्हा काढी. पुन्हा. पुन्हा कान.

मग एके दिवशी सकाळी तो म्हणाला, "आग्नेस, आज नीट नेसून बस. दागिने घाल. ज्युलियसला फोटो पाठवायचाय."

घरात पाणी भरायचं राहिलं होतं. तिनं राहू दिलं. पेटीतून लग्नातलं लाल लुगडं काढलं, तेल लावून केस चापून बसवले, आईच्या बुगड्या कानांत अडकवल्या. खुर्चीवर बसली ती कशी? पाय जुळवून, हात मांडीवर, हनुवटी वर. जणू समोर कॅमेरा नाही, समुद्र आहे आणि समुद्रापलीकडे पोरगा. तीन दिवस ती अशी बसली. सॅन्टन भिंग काढी, भिंग लावी, फीत तिच्या डोळ्याला टेकवून अंतर मोजी. ती हू की चू करत नव्हती. पहिल्यांदाच तो काही खोट न काढता "छान" म्हणाला.

"दाखव ना मला."

"ओला आहे अजून."

"मंग सुकल्यावर."

सुकल्यावर त्यानं तो पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून टपालात टाकलासुद्धा. ती थोडी हिरमुसली, पण म्हणाली, जाऊ दे, ज्याच्यासाठी काढला त्याला पोचला.

त्यानंतरची दोन वर्षं आग्नेसच्या आयुष्यातली सुखाची. डॉमनिककडे बोटींच्या खबरा छापणारं वर्तमानपत्र येई. ती भाजी घेऊन येताना त्याच्या दुकानाशी थांबे.

"डॉमनिकभाऊ, आज मी कुठं?"

डॉमनिक काच कपाळावर चढवून वर्तमानपत्र उलटी. "आज तुम्ही... थांबा हां वहिनी... आज तुम्ही एडनला."

"गरम असंल तिथं."

"भट्टी! पदरानं वारा घ्या."

पुढच्या वेळी ती सिंगापूरला असे, मग कोलंबोला. एकदा बोटीची खबर नव्हती तर ती उदास झाली. "बुडले का काय मी?" बाजारातल्या बायका हसत. आग्नेस केळ्यांचा घड तोलत असताना तिच्या मनात गंजक्या भिंतीवर, बिछान्याच्या वर, लाल लुगडं नेसलेली एक बाई हनुवटी वर करून सगळे समुद्र बघत फिरत होती. पोरगा झोपताना तिला बघतो, उठल्यावर तिला बघतो. त्याला कधी डोळे मिटून नाक आठवावं लागणार नाही.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात ज्युलियस परत आला, नाताळाआधी पुन्हा जायचं ठरवूनच. त्यानं पडवीत ट्रंक आपटली, आईला उचलून फिरवलं. ती "सोड मेल्या, कंबर मोडंल" म्हणत राहिली. दुपारी तो जेवून आडवा झाला आणि ती त्याचे मळके कपडे काढायला बसली. ट्रंक उघडली.

झाकणाच्या आतल्या बाजूला, खळीनं घट्ट चिकटवलेला, एका बाईचा फोटो होता.

चांगला मोठा फोटो. गोल चेहऱ्याची बाई, केसांचा सैल अंबाडा, गळ्यात क्रूस, ओठांच्या कोपऱ्यात हसू. आग्नेस बघत राहिली. मग तिनं झाकण थोडं तिरकं करून उजेडात घेतलं, म्हणजे उजेड बदलला की बाईही बदलेल. बदलली नाही.

"ज्युलियस."

"हं."

"ही कोन?"

तो उठून बसला. झोप पार उडाली. "कुणी नाय. त्या गोंयकाराची आय. तो बोट सोडून गेला, फोटो राहिला भिंतीवर. मी घेतला."

"कशाला?"

"असाच."

"ज्युलियस, मी इचारते, कशाला?"

तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला, शाळेतल्यासारखा. "पोरं विचारायची. तुझी आय कुठाय, तुझी आय कुठाय. मी सांगितलं, हीच."

"आनि माझा फोटो? लाल लुगड्यातला? बाबानं पाठवला तो?"

"आय..." तो म्हणाला. उठला. ट्रंकेच्या तळातून पुठ्ठ्याचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. "मी हा कुणाला दाखवू गो? कान दाखवू?"

आग्नेसनं पाकिटातून फोटो ओढला. ताटाएवढा मोठा कागद, आणि त्या कागदभर एक कान. काय कान होता! बुगडीच्या एकेका मोत्यावर खिडकी दिसत होती, खिडकीला गज दिसत होते. कानामागची बारीक लव, तेलानं चिकटलेली. ओझ्यानं लांबलेली पाळी. मागे जाळं सायीसारखं विरघळलेलं. तोंड नव्हतं. गालाचा थोडा धूर होता, तोही अर्ध्यात कापलेला.

"हा कोनाचा कान?" तिनं विचारलं.

आणि ती ते खरंच विचारत होती. आरशात माणसाला आपलं नाक दिसतं, दात दिसतात. आपला कान असा कोण बघतो? ती त्या कानाकडे परक्याच्या कानाकडे बघावं तशी बघत होती, आणि बघता बघता तिची बोटं कागदावर एका जागी थांबली. वरच्या कडेला, मोहरीएवढी एक गाठ.

ही गाठ तिला ठाऊक होती. पाचूबंदरच्या बाजारात ती आईच्या पाठीशी उकिडवी बसायची, तीन-चार वर्षांची. आई पुढे तोंड करून ओरडायची, "घे गो रावस." मागून पोरीला दिसायचा तो कान, आणि कंटाळा आला की ती बोटानं ती गाठ चोळायची. आई मान झटकायची, "ए, सोड!" तोंड आठवणार कुठून? तिनं आईला बघितलंच होतं मागून.

"आयचा कान," आग्नेस म्हणाली. तिनं आपल्या कानाला हात लावला. गाठ होती. इतकी वर्षं होती.

"काय म्हनतेस आय?"

"तुला नाय कलायचं."

एवढ्यात सॅन्टन आत आला. फोटो बघून त्याचा चेहरा उजळला. "बघितलंस? जर्मन भिंग, मी हट्ट सोडला नाही. असं जमवलं की जपान्यानं तोंडात बोट घालावं. ज्युलियस, तुझ्या त्या मंगळूरवाल्याला दाखवलास की नाही?"

सॅन्टनची नजर ट्रंकेच्या झाकणावर गेली. "ही कोण?"

"तुझी बायको," आग्नेस म्हणाली. "दोन होत्या ना तुला? ही दुसरी."

मग सगळं सांगून झालं. सॅन्टननं चष्मा काढून पुसला. "पण त्यानंच लेन्स आणली, त्याला फरक दाखवायला नको? चेहरा काय गं, चेहरा कधीही काढता येतो."

"कधी?"

"उद्या. उद्याच काढतो."

उद्या ढगाळ निघालं. परवा उजेड होता, आग्नेस पुन्हा लाल लुगडं नेसून बसली, आणि सॅन्टन दोन्ही भिंगं दोन हातांत घेऊन उभा राहिला. जपानी लावावं तर कपाळाची प्रत्येक आठी येणार, पोरगा म्हणेल आई म्हातारी झाली. जर्मन लावावं तर आठ्या जातील, पण आग्नेसही जाईल. त्यानं डॉमनिकला बोलावलं. डॉमनिक म्हणाला, "खरं ते खरं. जपानी लाव." सॅन्टन म्हणाला, "खरं काय असतं? बाईचा चेहरा म्हणजे काय जाळं आहे, गाठी मोजायला?" डॉमनिक म्हणाला, "दहा वर्षं तू मोजतोयस की." मग दोघं भांडले. कागदावर रेघा मारून भांडले. खिडकीतला उजेड आग्नेसच्या मांडीवरून गुडघ्यावर उतरला, गुडघ्यावरून जमिनीवर.

दारात ज्युलियस उभा होता. त्याची रजा सरत चालली होती.

आग्नेस उठली.

"अगं, हललीस!" सॅन्टन ओरडला.

"चल रे ज्युलियस," ती म्हणाली. "निर्मळची जत्रा लागलीय."

जत्रेत गर्दी होती, सुकेळ्यांचे ढीग होते, भोंगे वाजत होते. तळ्याच्या अलीकडे एका फोटोवाल्यानं पुठ्ठ्याचं विमान उभं केलं होतं. पेटीएवढा कॅमेरा, त्याला मागे काळं फडकं, शेजारी पाण्याची बादली. लोक विमानाच्या खिडकीतून तोंड बाहेर काढत आणि फोटो काढून घेत.

"या मावशी, कुठं चाललात? लंडनला? कराचीला?"

"एडनला," आग्नेस म्हणाली. "तिथं जाऊन आलेय मी. गरम हाय."

ती विमानात बसली. पुठ्ठा डगमगत होता, तिनं आतून हातानं धरला. फोटोवाला फडक्याखाली गेला. "हलू नका मावशी!" हे ऐकलं आणि आग्नेसला कुठून कोण जाणे असं हसू फुटलं की तिचे खांदे गदगदू लागले. ज्युलियसही हसला. फोटोवाल्यानं भिंगावरचं झाकण काढलं, लावलं.

बादलीतून ओला फोटो आला. तळहाताएवढा. चेहरा पांढुरका, हसण्यानं पुसटलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. विमानाचा पंख मात्र स्वच्छ.

घरी सॅन्टननं तो फोटो खिडकीशी नेला. डॉमनिकची काच मागून घेऊन डोळ्याला लावली. "हलला आहे," तो म्हणाला. "आणि धार बघ, पंखावर आहे. मूर्ख माणूस. चेहऱ्यावर धारच नाही."

"तोंड हाय ना?"

"तोंड आहे, पण..."

"झालं तर मंग."

निघायच्या आदल्या दुपारी ज्युलियस ट्रंक उघडून बसला. आग्नेसनं सुरी आणि ओलं फडकं आणलं. गोंयकाराच्या आईच्या एका कोपऱ्याखाली तिनं सुरीचं टोक घातलं. खळ दगडासारखी बसली होती. कागद किंचित उचलला, आणि ज्युलियसचा हात तिच्या मनगटावर आला.

"नको आय. फाटंल."

"फाटू दे की."

"नको..." तो म्हणाला. बोलताना तो आईकडे बघत नव्हता, झाकणाकडे बघत होता. "इतके दिस होती ती माझ्यासंगट. मी वर चिकटवतो ना तुझा. तिच्यावरच."

आग्नेसनं सुरी काढून घेतली. फडकं पिळून बाजूला ठेवलं. तिनं स्वतःच बोटानं खळ लावून दिली. ज्युलियसनं जत्रेतला फोटो त्या बाईच्या चेहऱ्यावर बेतून बसवला, तळहातानं दाबला. पण तो फोटो लहान. वरून दुसरीचा अंबाडा दिसत राहिला, खालून तिची हनुवटी आणि क्रूस. मधल्या चौकोनात आग्नेस हसत होती. दोन बाया एकावर एक, आणि जमल्या नव्हत्या. मागे उभ्या सॅन्टनची बोटं नकळत हवेत फिरली, भिंग फिरवावं तशी. फिरून थांबली.

"बरी दिसते," आग्नेस म्हणाली. "झाक आता."

ज्युलियस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी असा उजेड पडला की वर्षातून एकदाच पडावा. मऊ, स्वच्छ, कुठे सावलीला कड नाही. मागच्या खोलीतून सॅन्टनची हाक आली.

"आग्नेस! लवकर ये! आज चेहरा. नुसता चेहरा काढतो, देवाशपथ. कुठलं भिंग लावू, तू सांग. तू म्हणशील ते."

आग्नेस आली. अंगावर लाल लुगडं नव्हतं, हातात हातोडी होती. ती खुर्चीपाशी उकिडवी बसली आणि खिळे उपटू लागली. जुने, गंजलेले, लाकडात रुजलेले खिळे. एकेक निघताना ओरडत होता.

"अगं, काय करतेस? माप! सगळं माप जाईल!"

तिनं खुर्ची उचलली, काखेत मारली आणि मागच्या अंगणात नेली. जमिनीत चार भोकं उरली. जांभाच्या झाडाखाली खुर्ची टेकवून ती घराकडे पाठ करून बसली, ताटात बोंबील घेतले आणि साफ करू लागली.

मग खिडकीशी पावलं आली. भिंग आट्यांत फिरल्याची बारीक करकर झाली. कुठलं लावलं ते तिला इतक्या वर्षांनी नुसत्या आवाजावरून कळलं. जर्मन.

"आग्नेस, जरा वळ इकडे," तो म्हणाला. "एकदाच."

ती बोंबलाचं डोकं मोडत राहिली.

मागून बटणाचा आवाज आला. आग्नेसनं ओल्या हातानं पदर ओढला आणि कान झाकला.